अधिकार साहेबाकडं असतो

‘अधिकार’ या शब्दासमोर नववीतल्या एका मुलानं लिहिलेलं उत्तर मी अजून ठेवून दिलंय : ‘अधिकार साहेबाकडं असतो. आपल्याकडं नसतो.’ खाली वाक्यात उपयोगही करून दाखवला होता : ‘सातबारा द्यायचा अधिकार तलाठ्याला असतो.’

मराठी शिकवणाऱ्या माणसाला याला चूक म्हणणं जड जातं. ज्याच्या हातात अधिकार, त्याला आपण अधिकारीच म्हणतो. ‘कुणाच्या अधिकारात केलंस हे?’ असं दरडावतो. त्या पोरानं मी सांगितलं तेच केलं होतं. शब्द अडला की त्याच्या मागचं-पुढचं बघा, त्यावरून अर्थ काढा, असं मी जूनपासून घोकत होते. त्यानं मागचं-पुढचं बघितलं, तर तिथं तलाठी उभा होता.

शाळा कोल्हापूर शहराच्या कडेला, मराठी माध्यमाची. वर्गात बेचाळीस पोरं. कुणाचे वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत जातात, कुणाच्या दारात चार म्हशी, कुणाची आई घरी बसून चपलांच्या वेण्या घालते. दिवाळीच्या सुमाराला कारखाने सुरू झाले की मराठवाड्यातून ऊस तोडायला आलेल्या टोळ्यांमधली एक-दोन पोरंही हंगामापुरती वर्गात येऊन बसतात. मी मूळची मराठीची, पण शिक्षक अपुरे म्हणून राज्यशास्त्रही माझ्याच गळ्यात. गोष्ट २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधली. १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन तोंडावर होता, भित्तिपत्रक करायचं होतं. दरवर्षी मुलं गाइडमधून व्याख्या उतरवतात, रंगीत स्केचपेननं लिहितात आणि विसरतात. यंदा व्याख्या द्यायचीच नाही, शब्द वाक्यांत पेरायचे आणि अर्थ पोरांनीच काढायचा, असं मी ठरवलं.

दहा शब्द निवडले : बंदिप्रत्यक्षीकरण, निर्वासित, अविच्छेद्य, याचिका, वेठबिगारी, अधिकार, प्रतिष्ठा, छळ, शोषण, अभिव्यक्ती. प्रत्येकासाठी एकेक वाक्य मीच रचलं. कुठं शेजारी समानार्थी शब्द ठेवला, कुठं विरुद्धार्थी, कुठं उदाहरण. रविवारची दुपार गेली त्यात, आणि खरं सांगायचं तर कागद हातात घेऊन मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

उत्तरं आली ती नेमकी उलटी. जे शब्द जड जातील म्हणून धास्ती होती, ते पोरांनी सहज उचलले. ‘याचिका’ तर जवळजवळ सगळ्यांना माहीत होता. ऑगस्टमध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्याआधी वकिलांचं आंदोलन कितीतरी वर्षं चाललेलं. घरात पेपर येत असेल तर हा शब्द कानावरून गेलेलाच. ‘निर्वासित’ला अडचण नव्हती. ‘बंदिप्रत्यक्षीकरण’ एवढा लांबलचक शब्द, पण पोरांनी तो मोडून बघितला. बंदी म्हणजे पकडलेला माणूस, प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांसमोर, तेव्हा पकडलेल्याला समोर आणा. पोलिसांनी उचलून नेलेल्या माणसाला न्यायाधीशापुढं हजर करायला लावणारा हा आदेश असतो, त्यामुळं अंदाज अगदी जवळचा होता. दोघांनी मात्र ‘प्लास्टिक बंदी प्रत्यक्षात आणणे’ असं लिहिलं. माझ्या वाक्यात पोलीस आणि कोठडी होती म्हणून बाकीचे वाचले.

गाडं अडलं ते सोप्या शब्दांपाशी. ‘शोषण’ म्हणजे माती पाणी शोषून घेते ते; विज्ञानाच्या पुस्तकात तसंच आहे. ‘छळ’ म्हणजे ‘दादा मला लई छळतो’ यातला छळ. ‘अभिव्यक्ती’ म्हणजे चेहऱ्यावरचे हावभाव. ‘अधिकार’ साहेबाकडं गेलेला होताच. आणि ‘प्रतिष्ठा’पुढं एका मुलीनं लिहिलं होतं : ‘घराण्याची असते. मुलींनी जपायची असते.’

या उत्तरापाशी मी बराच वेळ थांबले. माझं वाक्य होतं, ‘प्रत्येकाला प्रतिष्ठा असते आणि ती जपली पाहिजे.’ तिचा अर्थ या वाक्यात घालून बघा. तंतोतंत बसतो. मला सांगायची होती माणूस म्हणून जन्माला आल्याबरोबर मिळणारी, कुणी देऊ शकत नाही नि काढून घेऊ शकत नाही अशी गोष्ट. तिच्यापर्यंत पोचली ती, जिच्या नावाखाली तिला सातच्या आत घरात बोलावतात ती. म्हणजे नुसता चुकीचा अर्थ नव्हे, बरोबर उलट्या टोकाचा. आणि तो पुरवला होता माझ्याच वाक्यानं.

वाचनातून शब्द शिकण्यावर काम करणाऱ्या अमेरिकन संशोधक इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली एक साधी गोष्ट मांडली होती : सगळे संदर्भ सारखे नसतात. काही अर्थ थेट हातात देतात, काही मोघम दिशा दाखवतात, काही काहीच सांगत नाहीत आणि काही चक्क चकवा देतात. मी बीएडच्या दिवसांत हे वाचलं होतं आणि ‘चकवा देणारे संदर्भ’ म्हणजे दुसऱ्या कुणीतरी निष्काळजीपणानं लिहिलेली वाक्यं असं मनाशी धरून बसले होते. मराठीत हा चकवा जास्त खोल आहे. आपले हक्कांचे शब्द दोन तऱ्हेचे. एक तर इंग्रजीला पर्याय म्हणून संस्कृतातून घडवलेले. ते पोरानं आयुष्यात ऐकलेले नसतात, म्हणून ते डोळे उघडे ठेवून वाचतं. दुसरे घरात, रानात, पंचायतीत आधीपासून राबणारे. अधिकार, प्रतिष्ठा, दर्जा, छळ. त्यांच्यापाशी पोरगं थांबतच नाही. अडलंच नाही तर अंदाज कशाला करायचा?

तेव्हा दुसऱ्या आठवड्यात मी कागद उलटा केला. अनोळखी शब्द मागे ठेवले आणि ओळखीचेच पुढं घेतले. रीत अशी ठेवली : शब्दाचा तुम्हाला वाटतो तो अर्थ घ्या आणि तीन वेगळ्या वाक्यांत मूळ शब्दाच्या जागी बसवा. तिन्हीकडं बसला तर ठेवा, एकीकडं जरी खडा लागला तर परत विचार करा. पहिलं वाक्य मी मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातलं घेतलं : ‘सर्व मानवी व्यक्ती जन्मतःच स्वतंत्र आहेत व त्यांना समान प्रतिष्ठा व समान अधिकार आहेत.’

त्या मुलीचा अर्थ घालून फळ्यावर लिहिलं : सगळ्या माणसांना जन्मतःच समान घराण्याची इज्जत आहे. वर्गात चुळबुळ झाली. मागून एकजण म्हणाला, “समान कशी असंल मॅडम? पाटलाची येगळी, आमची येगळी.”

“मग आता काय करायचं? ‘समान’ खोडायचं का अर्थ खोडायचा?”

“समान छापलंय न्हवं. अर्थच बदलाय लागंल.”

आणि ‘अधिकार’? तो साहेबाकडचा अधिकारवाला मुलगा स्वतःच म्हणाला, जन्मतःच कुणी साहेब नसतंय. ‘समान’ आणि ‘जन्मतः’ हे दोन शब्द इतकं काम करतात हे मलाही त्या तासापर्यंत जाणवलं नव्हतं. हे वाक्य मी दरवर्षी भित्तिपत्रकावर सोनेरी शाईनं लिहून घेत आले होते.

याच वाक्यावर एक अनपेक्षित वळण लागलं. ‘सर्व मानवी व्यक्ती’ असं अवघड का लिहिलंय, ‘सगळी माणसं’ का नाही, असं एकीनं विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत तिच्या शेजारणीनंच दिलं : “अगं, माणसं म्हणलं की बायका येत न्हाईत त्यात.” खरंच आहे. आमच्याकडं कार्यात पंगत बसली की अजूनही म्हणतात, “आधी माणसं जेवून घ्या, मग बायका बसतील.” त्या दोघींना याच्यात काही विशेष वाटत नव्हतं, त्या नुसता भाषेचा नियम सांगत होत्या. मग मी त्यांना हंसा मेहतांची गोष्ट सांगितली. जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून हंसा मेहता होत्या. मसुद्यात ‘ऑल मेन’ असं होतं. मेन म्हटलं की काही देश त्यातून बायका वगळतील, असं म्हणत त्यांनी ते बदलायला लावलं, आणि ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आलं. १९४८ च्या १० डिसेंबरला पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला, तो त्या शब्दांसह. बाजूनं ४८ मतं, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ. पंगतीतली माणसं आणि पॅरिसमधले मेन एकच निघाले म्हणून पोरी हसत सुटल्या. ‘मानवी व्यक्ती’ या रुक्ष शब्दाबद्दलची माझी जुनी कुरकूर त्या दिवशी मी मागे घेतली.

‘प्रतिष्ठा’ला दुसरा संदर्भ हवा होता, आणि तो कोल्हापुरात शोधावा लागत नाही. गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलची गोष्ट मी वर्गात सांगितली, पण ‘प्रतिष्ठा’ हा शब्द न वापरता. राजवाड्याच्या पागेत कामाला असलेल्या गंगारामांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं दुकान काढायला मदत केली, ‘सत्यसुधारक’ नावाचं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः तिथं थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या लोकांनाही प्यायला लावू लागले. गोष्ट पोरांना अर्धीमुर्धी माहीत होतीच. मी विचारलं, मारणाऱ्याला शिक्षा केली, दुकानाला पैसे दिले, एवढ्यावर काम झालं नसतं का? चहा कशाला प्यायला पाहिजे होता?

उत्तरं बरीच आली. ‘जाहिरात व्हावी म्हणून’ हेही आलं, आणि ते काही चूक नाही. पण वेण्या घालणाऱ्या आईची मुलगी जे म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं : “पैसे दिलं की भागतं, पर त्याच्या हातचं प्यालं की तो माणूस झाला.” मग शब्द लिहिला : प्रतिष्ठा. गोष्ट आधी, शब्द मागून. क्रम एवढा बदलल्यावर शब्दाला त्यांच्याच वाक्यात आयती जागा सापडली.

त्यानंतर मी त्यांना हेरवाडचा परिच्छेद दिला. शिरोळ तालुक्यातल्या या गावच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. नंतर राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर गावांनीही तसं करावं म्हणून सांगितलं. परिच्छेदात एक जागा रिकामी ठेवली होती : ‘या ठरावामुळे विधवा स्त्रियांची ______ राखली गेली.’ बहुतेकांनी प्रतिष्ठा लिहिलं. तिघांनी ‘अब्रू’ लिहिलं. म्हणजे काम झालं असं म्हणायला मी धजत नाही. तिघांकडं जुना अर्थ वेगळं नाव घेऊन परत आला होता.

खऱ्या कागदपत्रातला संदर्भ रचलेल्या वाक्यापेक्षा किती दणकट असतो, याचाही एक नमुना इथंच मिळाला. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश : संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना. आता मागासवर्ग म्हणजे कोण? आदेशातच खुलासा आहे : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. म्हणजे व्याख्या वगळून वगळून केलेली. ‘सोडून’ या एका शब्दावर बोट ठेवून पोरांनी अर्थ सांगितला. मी ‘विरुद्धार्थी संकेत’ म्हणून जे कृत्रिम वाक्य जुळवलं होतं, त्याची मला लाज वाटली.

आता जिथं मी चुकले ते. ‘वेठबिगारी’ हा शब्द घटनेच्या २३ व्या कलमात आहे. पोरांना ‘वेठीस धरणे’ माहीत, आणि तेही पेपरातल्या मथळ्यांतून : ‘एसटी संपामुळे प्रवासी वेठीस’. त्यामुळं वेठ म्हणजे खोळंबा, असा त्यांचा पक्का समज. हा चकवा मोडायला मला जिवंत उदाहरण हवं होतं, आणि घाईत मी विचारलं, “उचल म्हणजे काय, माहितीये का कुणाला?” विचारताना माझी नजर आपोआप तिसऱ्या बाकावर गेली. तिथं टोळीबरोबर आलेला मुलगा बसला होता. वर्गाची नजर माझ्या मागोमाग गेली. कुणीतरी म्हणालं, “ह्यांच्यात घेत्यात की उचल.” आणखी कुणीतरी मागून ‘उचलेगिरी’ म्हटलं आणि हशा पिकला. मुलगा वहीत बघत बसला.

तास संपल्यावर तो टेबलापाशी आला. “मॅडम, उचल म्हणजे चोरी नसती. मुकादम आधी पैसे देतो, ते फेडायला तोडायला यावं लागतं.” एवढं बोलून गेला. वेठबिगारीचा याहून नेमका संदर्भ मला पुस्तकात सापडला नसता, आणि तो ज्या तऱ्हेनं मिळवला ती तऱ्हा माझ्या वर्गात पुन्हा होऊ नये असं मला त्या क्षणी वाटलं. माणसाच्या प्रतिष्ठेवर आठवडाभर बोलून मी एका पोराला वर्गासमोर नमुना म्हणून उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडं न बघता सगळं कायद्याच्या बाजूनं घेतलं. १९७६ चा वेठबिगार पद्धत रद्द करणारा कायदा : आगाऊ घेतलेल्या पैशापोटी माणसाला राबायला बांधून घेणं हा गुन्हा. दिल्लीतल्या एशियाडच्या, म्हणजे आशियाई खेळांच्या, बांधकामावरच्या मजुरांचा १९८२ चा निकाल : किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, कारण उपाशी माणसाची ‘मर्जी’ ही मर्जी नसते. फौंड्रीवाल्यांच्या पोरांनी इथं कान टवकारले. आदल्या दिवशी ‘ह्यांच्यात’ होता तो शब्द ‘आमच्यात’ही येऊ शकतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला मी नंतर एकट्याला गाठून चूक माझी होती म्हणून सांगितलं. तो “बरं” म्हणाला. त्याहून जास्त त्यानं काय म्हणायचं होतं?

‘अविच्छेद्य’ हा शब्द मी सगळ्यात शेवटी ठेवला होता. पहिल्या कागदावर तो बऱ्याच जणांना आला होता, पण माझ्या वाक्यात ‘म्हणजे’ लावून अर्थ जवळजवळ छापलाच होता. त्याला अंदाज म्हणता येणार नाही. या वेळी मी फक्त विच्छेद, म्हणजे तोडणं, एवढं सांगितलं आणि वाक्य दिलं : ‘मानवी हक्क अविच्छेद्य आहेत, माणसानं स्वतः सही करून दिली तरी ते त्याच्यापासून सुटत नाहीत.’

सही हा शब्द आला आणि खिडकीपाशी बसणाऱ्या एका मुलीनं हात वर केला. एरवी ती बोलत नाही.

“मॅडम, म्हणजे हक्कसोडपत्र होत न्हाई असा हक्क?”

हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडल्याचा कागद. हा शब्द मी तिला शिकवला नव्हता, कुणीच शिकवला नव्हता. तिनं सांगितलं, गेल्या वर्षी मामांनी आईला रजिस्टरच्या हापिसात नेलं होतं. ही पण गेली होती, बाकावर बसली होती. आईनं दोन ठिकाणी सही केली, अंगठा पण घेतला, फोटो काढला. येताना मामांनी आईला साडी घेतली आणि हिला आईस्क्रीम. “आई म्हणली, भावाचं घर राहायला पायजे.”

तो एक तास माझ्या लेखी बाकीच्या तीन आठवड्यांच्या तोडीचा होता. मी वर्षानुवर्षं ‘काढून घेता न येणारे’ असं सांगत आले. त्यात हिरावणारा कुणी तरी दुसरा असतो : पोलीस, सरकार, सावकार. या शब्दाची खरी धार दुसरीकडं आहे. ज्याचा हक्क आहे त्यानं प्रेमापोटी, भीतीपोटी, साडीपोटी सोडून दिला तरी तो सुटत नाही. ती धार त्या मुलीनं एका वाक्यात पकडली, कारण सुटणाऱ्या हक्काचा कागद तिनं डोळ्यांनी बघितला होता.

पण वर्ग तिथं थांबला नाही. एक मुलगा म्हणाला, “मग हिच्या आईचा हक्क अविच्छेद्य न्हवता. सुटला की तो.” मला चटकन उत्तर देता आलं नाही. उद्या सांगते म्हटलं, आणि घरी जाऊन वाचत बसले. दुसऱ्या दिवशी जेवढं नक्की कळलं तेवढं सांगितलं. मालमत्तेचा हक्क आपल्या घटनेत सुरुवातीला मूलभूत हक्कांमध्ये होता. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं तो तिथून काढला, आता तो कलम ३०० अ खाली कायदेशीर हक्क आहे. लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत लेकांइतकाच वाटा २००५ च्या दुरुस्तीनं देशभर मिळाला, महाराष्ट्रात १९९४ पासूनच तशी तरतूद होती. पण मिळालेला वाटा विकता येतो, बक्षीस देता येतो, सोडता येतो. मूलभूत हक्काचं तसं नाही. १९८१ मध्ये मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला सुरुवात झाली. तिथल्या लोकांनी उच्च न्यायालयात कबूल करून टाकलं होतं की फुटपाथवर राहण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही. याच प्रकरणातल्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये दिला, तेव्हा ही कबुली त्यांच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असं स्पष्ट केलं. घटनेनं दिलेला हक्क माणसाला असा सोडून देता येत नाही. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हेही याच निकालात. झोपड्या मात्र त्यानं कायमच्या वाचल्या नाहीत. रीतसर नोटीस देऊन, पावसाळा टाळून त्या हटवायला न्यायालयानं वाट मोकळी ठेवली. पोरांना हा शेवट आवडला नाही. “मग हक्क जिंकून काय झालं?” असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही.

ती खिडकीजवळची मुलगी ओल्गा टेलिसचा कागद घडी घालून घरी घेऊन गेली. पुढं काय झालं ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. एका ‘उचल’वर मी तेवढं शिकले होते.

काही शब्द मी शेवटी सरळ सांगून टाकले. ‘छळ’ हा त्यातला. जाहीरनाम्याच्या पाचव्या कलमातला छळ कोठडीतला, अधिकार असलेल्या माणसानं मुद्दाम दिलेल्या यातनांचा आहे. त्याचा संदर्भ मुलांच्या आयुष्यात शोधत बसणं मला शहाणपणाचं वाटलं नाही, आणि खोटा रचायचा तर पुन्हा दादाच आडवा येणार. दोन वाक्यांत सांगितलं, पुढं गेले. अंदाज बांधायला लावणं हे काही व्रत नाही. ‘शोषण’साठी विज्ञानातला अर्थच वापरला. माती पाणी शोषते तेव्हा पाणी कुठं जातं? मातीत. मग मजुराची मेहनत कुठं जाते? एवढं विचारल्यावर पुढचं पोरांनी केलं. इथं जुना अर्थ वाटेत आडवा न पडता पायरी झाला. ‘अभिव्यक्ती’ मात्र शेवटपर्यंत चेहऱ्यावरच राहिली. भाषण, लेखन, चित्र, मोर्चा, सगळं सांगून झालं. चाचणीत पुन्हा ‘हावभाव’. त्याला मोबाइलमधल्या पिवळ्या चेहऱ्यांचा दोष आहे असा माझा संशय आहे.

जानेवारीत, काही न सांगता, मी एक अनोळखी उतारा दिला आणि पोरं शब्दांकडं कशी जातात एवढंच बघितलं. फरक होता तो अर्थ बरोबर येण्यात तितकासा नव्हता. फरक असा की ‘दर्जा’ या शब्दापाशी सात-आठ जणांनी पेन्सिलीनं गोल केला होता. उताऱ्यात ‘दर्जाची व संधीची समानता’ हे घटनेच्या उद्देशिकेतलं वाक्य होतं. दर्जा त्यांना चांगलाच माहीत. रस्त्याच्या कामाचा दर्जा, दुधाचा दर्जा, फॅट लागली नाही की डेअरीवाला काढतो तो. तरी गोल केला होता. एकानं समासात लिहिलं होतं, ‘हा दुधाचा न्हाई.’ मग कशाचा, ते त्याला सांगता आलं नव्हतं. त्याला मी पूर्ण गुण दिले. आमचे गणिताचे सर म्हणाले, न येणाऱ्या उत्तराला गुण कसले देता?

पुढच्या वर्षीच्या यादीत ‘खासगीपणा’ घेतलाय. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठानं २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं तो मूलभूत हक्क ठरवला. शब्द सोपा म्हणून मला आधीच धडकी भरलीय. दोन खोल्यांत सहा माणसं आणि घरात मिळून एक फोन, तिथं याला संदर्भ कुठून आणायचा? अंदाज घ्यावा म्हणून आठवीच्या वर्गात सहज विचारून बघितलं, खासगी म्हणजे काय रे. पहिल्या बाकावरचा तात्काळ उभा राहिला.

“वडाप, मॅडम.” (आमच्याकडं माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाडीला वडाप म्हणतात.)